धुतलेले कीबोर्ड आणि तिजोरीबाई

कृत्रिम पाय बनवण्याच्या त्या कारखान्यात सात माणसं कामाला होती, आणि सातही जणांचे पासवर्ड एकाच बाईच्या डोक्यात होते. म्हणून तिला सगळे तिजोरीबाई म्हणत. तोंडावर नुसतं 'बाई', पाठीमागे 'तिजोरी'. तिला दोन्ही ठाऊक होतं आणि दोन्ही चालायचं.

पद्धत अशी होती. कोणी नवा पासवर्ड ठेवला की चहाचा कप घेऊन बाईंच्या टेबलाशी यायचं, खाली वाकायचं आणि कानात सांगून टाकायचं. बाई 'हं' म्हणायच्या. लिहून काही ठेवायच्या नाहीत. मग सहा महिन्यांनी माणूस डोकं खाजवत आला की बाई मान वर न करता विचारायच्या, "मेव्हण्याच्या लग्नाची तारीख, की बकरीचं नाव?" आणि माणसाला लख्ख आठवायचं. बावीस वर्षांत एक पासवर्ड इकडचा तिकडे झाला नाही. लोक बँकेत लॉकर घेतात, त्यालासुद्धा दोन किल्ल्या लागतात. इथे एकच बाई, आणि तिला किल्लीच नव्हती.

बाई मुळातल्या टायपिस्ट. गावच्या शाळेत सातवी झाल्यावर मामांनी त्यांना टायपिंगच्या क्लासला घातलं. त्या क्लासच्या मास्तरांना डोळ्यांनी कमी दिसायचं, पण कान असे की पंधरा यंत्रं एकदम खडखडत असताना खिडकीपाशी बसून म्हणायचे, "मागच्या बाकावरची, तिसऱ्या ओळीत चुकलीस, कागद बदल." पोरी हबकून जायच्या. बाई मात्र हबकल्या नाहीत. त्यांनी मास्तरांची विद्याच उचलली. दीड वर्षात त्यांना आवाजावरून कळायला लागलं, की शेजारणीने कोणतं बोट वापरलं आणि कोणतं वापरायला हवं होतं.

पुढे नोकरी लागली ती या कारखान्यात. एक लांबट खोली, तिच्या एका टोकाला प्लास्टर आणि प्लास्टिकच्या पत्र्यांचा वास, दुसऱ्या टोकाला बाईंचं टेबल, आणि मधोमध वीस पावलांचा सिमेंटचा पट्टा. पेशंट नवा पाय घालून त्या पट्ट्यावरून चालायचे. पाय घडवणारे मुख्य कारागीर म्हणजे वस्ताद. पेशंट कसा चालतो ते वस्ताद डोळ्यांनी बघायचे आणि बाई पाठमोऱ्या बसून कानांनी. "वस्ताद, घोट्याचा स्क्रू अर्धा आटा सैल आहे," असं बाईंनी टायपिंग न थांबवता म्हणावं, वस्तादांनी वाकून बघावं, आणि स्क्रू अर्धा आटा सैल निघावा. त्यामुळे शेवटची पास-नापास बाईंच्याच टेबलाशी व्हायची. दोन्ही पावलं सारखी वाजली, खरं कुठलं आणि घडवलेलं कुठलं हे बाईंना ओळखता आलं नाही, की वस्ताद कपाळावरचा घाम पुसायचे आणि म्हणायचे, "घेऊन जा पाय घरी."

बाईंच्या टेबलाशेजारी एक कॉम्प्युटर होता. त्याचं नाव म्हातारा. आला तेव्हा पांढरा होता, आता कडक चहाच्या रंगाचा झाला होता. चालू केला की दमेकऱ्यासारखा आधी खोकायचा, मग श्वास लागायचा, मग म्हणायचा, हं, काय काम आहे. काम त्याला एकच येत होतं. फ्लॉपीवरून मापं वाचायची आणि शेजारच्या कोरणी यंत्राला सांगायचं, इथे कोर, इथे नको. यंत्र मग प्लास्टरचा ठोकळा कोरून पेशंटच्या उरलेल्या पायाची हुबेहूब प्रतिकृती काढायचं, आणि वस्ताद तिच्यावर गरम प्लास्टिक ताणून पाय बसायची वाटी तयार करायचे.

कॉम्प्युटर या विषयावर बाईंची मतं पक्की होती आणि ती कोणी न विचारता मिळत. त्या म्हणायच्या, "नव्याला दर आठवड्याला अपडेट लागतं. म्हाताऱ्यात बावीस वर्षांत एक अक्षर बदललं नाही. ज्याला रोज दुरुस्त करावं लागतं त्याला म्हणायचं आधुनिक, आणि ज्याला कधीच नाही त्याला म्हणायचं कालबाह्य. चांगला न्याय आहे."

अँटीव्हायरसबद्दल त्यांचं म्हणणं असं, की चोर येईल म्हणून राखणदार ठेवला, तर राखणदारच दिवसभर दारात पाय पसरून झोपतो आणि घरच्यांना आतबाहेर जाता येत नाही. म्हाताऱ्याला राखणदाराची गरज नव्हती. त्याला ना वायर होती बाहेर जायला, ना आत यायला. "याला व्हायरस चावला तर व्हायरसलाच इंजेक्शन घ्यावं लागेल," असं त्या म्हणायच्या.

आणि पडद्यावर ते चित्र येतं, की तुम्ही यंत्र नाही हे सिद्ध करा, यातले सिग्नलचे खांब ओळखा, त्याचा तर बाईंना मनापासून राग. "म्हणजे यंत्राने माणसाला विचारायचं, तू यंत्र तर नाहीस ना. उद्या आरसा मला विचारेल, बाई, तुम्ही खऱ्या का."

तर असं सगळं सुरळीत चाललेलं असताना मुख्य कार्यालयातून सुरक्षासाहेब आले.

वय तिशीच्या आतलं, अंग काडीसारखं, लॅपटॉपची पिशवी पाठीऐवजी पोटावर अडकवलेली. माणूस वाईट नव्हता. उलट इतका प्रामाणिक, की चहा घेण्याआधी विचारायचा, कोणाच्या वाट्याचा तर नाही ना. त्याने बाईंचं सोडून बाकी पाच टेबलांवर नवे कॉम्प्युटर बसवले, पेशंटांची सगळी मापं नव्या सिस्टिममध्ये घातली आणि सातही जणांना बसवून एक तास वर्ग घेतला. पासवर्डमध्ये एक मोठं अक्षर हवं, आकडा हवा, चिन्ह हवं. दर महिन्याच्या एक तारखेला बदलायचा. पाच वेळा चुकला की खातं बंद. पेशंटची मापं फ्लॉपीवर साठवून ठेवायची नाहीत, कोरून झालं की पुसायची. आणि पासवर्ड कोणालाही सांगायचा नाही.

"कोणालाही म्हणजे?" वस्तादांनी विचारलं.

"कोणालाही म्हणजे कोणालाही. बायकोलासुद्धा नाही."

"बायकोला कोण सांगतं? आम्ही बाईंना सांगतो."

साहेबांनी ही पद्धत ऐकून घेतली आणि ते मटकन खुर्चीत बसले. पाणी प्यायले. मग म्हणाले, "मॅडम, मी सहा वर्षं या क्षेत्रात आहे. इतकी मोठी सुरक्षेची त्रुटी मी कधी चालतीबोलती पाहिली नव्हती."

बाई हसल्या. पण साहेबांनी हात जोडले तेव्हा त्यांनी सगळ्यांसमोर शब्द दिला. "आजपासून मी कोणाचा पासवर्ड विचारणार नाही, कोणी सांगितला तर ऐकणार नाही. झालं समाधान?" आणि बाईंचा शब्द म्हणजे शब्द. दुसऱ्याच दिवशी भांडारातले भाऊ सवयीने कप घेऊन आले, वाकले, तर बाईंनी दोन्ही कानांत बोटं घातली.

मग माणसांनी काय केलं? जगभर माणसं करतात तेच केलं. चिठ्ठीवर पासवर्ड लिहिला आणि कीबोर्डच्या पोटाला चिकटपट्टीने चिकटवला. रोज सकाळी नऊ वाजता त्या खोलीत पाच कीबोर्ड एकदम उताणे व्हायचे आणि पुन्हा पालथे व्हायचे. साहेबांच्या नियमात हे बसत नव्हतं, पण साहेब शंभर मैलांवर होते.

आता शिंपीणताईंचं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यांच्यामुळे.

शिंपीणताईंचा डावा पाय गुडघ्याखाली नव्हता. चौदा वर्षांपूर्वी मालाचा ट्रक मागे येताना भिंत आणि ट्रक यांच्यामध्ये तो सापडला होता. या कारखान्याच्याच पायावर त्यांनी दोन मुलं वाढवली, शेकडो पोलकी शिवली. आता त्या जुन्या पायाची वाटी तडकली होती, टोचायची, दुपारपर्यंत कातडी सोलवटायची. बसून शिवण करायला तो चालत होता. पण सरकारी शिवणशाळेत मास्तरणीची जागा निघाली होती आणि शुक्रवारी सकाळी दहा वाजता प्रात्यक्षिक होतं. दिवसभर उभं राहून, फळ्यापासून टेबलापर्यंत हिंडत, वीस जणींना कापड बेतून दाखवायचं. वयाची अट अशी, की पुढच्या वेळेला त्यांचा नंबर लागणार नव्हता.

त्यांच्या नव्या पायाची मापं नुसती एकदा घेऊन भागलं नव्हतं. त्यांच्या नडगीच्या हाडाला एक आडमुठं टोक होतं. वस्तादांनी तीन महिन्यांत अकरा वेळा तात्पुरती वाटी घालून, चालवून, केसाकेसाने माप बदलत नेलं होतं. त्या अकरा वेळांचं सार नव्या कॉम्प्युटरमध्ये वस्तादांच्या खात्यात होतं. प्लास्टिकचे पत्रे सोमवारी आले. बुधवारी कोरायचं, गुरुवारी वाटी ओढून बसवायची, शुक्रवारी शिंपीणताई उभ्या राहतील, असा हिशेब होता.

आणि बुधवारीच सुरक्षासाहेब तपासणीला यायचे होते.

साहेब येणार म्हटल्यावर शिपाईदादांच्या अंगात आलं. दादा स्वच्छतेचे इतके पक्के, की बल्ब पुसायला काढायचे आणि परत लावताना जुनाच नवा समजायचे. मंगळवारी सगळे घरी गेल्यावर त्यांनी खोली धुतली, खिडक्या धुतल्या, आणि मग त्यांची नजर कीबोर्डांवर गेली. चहाचे डाग, प्लास्टरची पूड, बिस्किटांचा चुरा. दादांनी पाचही कीबोर्ड वायरी काढून मोरीवर नेले, साबणाच्या पाण्यात बुडवले, दातांच्या ब्रशने घासले आणि गच्चीवर दोरीला ओळीने वाळत घातले. म्हाताऱ्याचा कीबोर्ड तेवढा त्यांनी सोडला, कारण त्याला हात लावलास तर हात राहणार नाही असं बाईंनी पूर्वीच सांगून ठेवलं होतं.

बुधवारी सकाळी नऊ वाजता पाच कीबोर्ड उताणे झाले आणि पालथे झालेच नाहीत.

वस्तादांनी कीबोर्डच्या पोटावरून बोट फिरवलं. गुळगुळीत, आरशासारखं.

"दादा, इथे एक कागद होता."

"घाण कागद होते सगळ्यांना चिकटलेले," दादा अभिमानाने म्हणाले. "तुमचा तर फार चिवट. सुरीने खरवडून काढला."

"कुठंय तो?"

"मोरीतून गेला की."

वस्ताद खुर्चीत बसले. बाकी चौघांपैकी दोघांना आपापले पासवर्ड आठवले, दोघांची खाती दहा मिनिटांत बंद पडली, पण त्यांचं काम चार दिवस थांबलं तरी कोणाचं काही अडत नव्हतं. अडत होतं ते वस्तादांचं. त्यांनी काहीतरी ठोकून पाहिलं. चूक. पुन्हा वेगळं. चूक. चार वेळा झाल्यावर बाई उठल्या आणि त्यांच्या हाताखालून कीबोर्डच काढून घेतला.

"वस्ताद, आता एकच संधी उरलीय. हात मांडीवर ठेवा."

"बाई, मला खरंच आठवत नाही हो. रोज वाचून ठोकायचो. खाली लिहिलेलं असताना पाठ कोण करतं?"

तेवढ्यात पट्ट्याच्या त्या टोकाला दार वाजलं आणि शिंपीणताई आत आल्या. खड, टप. खड, टप. तडकलेल्या वाटीचा आवाज. त्या बाकावर बसल्या, पिशवीतून नमुन्याचं पोलकं काढलं आणि त्याला बटणं लावायला लागल्या. "तुमचं चालू द्या," त्या म्हणाल्या. "मला घाई नाही. शुक्रवारपर्यंत झालं म्हणजे बास."

कोणी कोणाकडे बघितलं नाही.

अकरा वाजता साहेब आले. त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी ताबडतोब मुख्य कार्यालयाला फोन लावला, दोनदा 'हो सर' आणि चारदा 'पण सर' म्हणाले आणि फोन ठेवला.

"होईल," ते म्हणाले. "नवा पासवर्ड मिळेल. दोन वरिष्ठांची सही लागते. पाच दिवस, म्हणजे कामाचे पाच दिवस. त्यासाठी वस्तादांनी एक अर्ज भरायचा."

"द्या अर्ज," वस्ताद म्हणाले.

"तो सिस्टिममध्ये आहे. तुमच्या खात्यात शिरलं की डाव्या बाजूला दिसतो."

मग बाई म्हणाल्या, "म्हणजे घराची किल्ली हरवली, तर कुलूप उघडून आत जायचं आणि कपाटातला अर्ज काढून लिहायचं, की किल्ली हरवली."

साहेबांचे कान लाल झाले. "मॅडम, असा अर्ज मी केलेला नाही."

"तुम्हाला कोण बोलतंय? तुम्ही चहा घ्या." मग हळूच, शिंपीणताईंना ऐकू जाणार नाही अशा बेताने त्या म्हणाल्या, "नव्याने मापं घेतली तर?"

"अकरा फेऱ्या," वस्ताद म्हणाले. "हाड आडमुठं आहे. चुकीच्या मापाची वाटी घालून ती दिवसभर उभी राहिली, तर दुपारी रक्त येईल, आणि ती सांगणार नाही. मी तिला ओळखतो."

बाई आपल्या खुर्चीत जाऊन बसल्या. त्यांनी डोळे मिटले. लोकांना वाटलं, देवाचं नाव घेतायत. पण बाई ऐकत होत्या. रोज सकाळचे नऊ ऐकत होत्या. एकोणीस दिवस त्यांच्या पाठीमागे, पाच पावलांवर, वस्तादांनी एका बोटाने तोच पासवर्ड ठोकला होता. बाईंनी ऐकायचं नाही असं ठरवलं होतं, पण कानाला पापणी कुठे असते?

त्यांनी पेन्सिल उचलली आणि थांबल्या. साहेबांकडे वळून म्हणाल्या, "मी शब्द दिलाय, की विचारणार नाही आणि ऐकणार नाही. मला अक्षरं ठाऊक नाहीत, आणि मला ती कळायलाही नकोत. पण ठेका ठाऊक आहे. तो वाजवून दाखवला तर शब्द मोडतो का?"

साहेबांनी बराच विचार केला. पुस्तकात याचं उत्तर नव्हतं. "ठेक्याबद्दल नियम नाही," ते शेवटी म्हणाले.

बाईंनी पेन्सिलीने टेबलावर वाजवलं. टक, टक, टक. जरा थांबा. मग टक-टक-टक, टक-टक-टक, सलग सहा. मग एक टक. मग लांबलचक थांबा. मग एक टक. आणि शेवटी, दोन बोटं एकदम दाबल्यासारखा, एक जाड टक.

वस्ताद टेबलाकडे बघत राहिले. "पुन्हा वाजवा."

बाईंनी पुन्हा वाजवलं. वस्तादांचं उजव्या हाताचं बोट मांडीवर आपोआप हलायला लागलं. डोकं विसरलं होतं, पण बोट कारागिराचं होतं. ते विसरणार कसं?

"पहिले तीन," वस्ताद पुटपुटले, "ते मोठं अक्षर करायचं बटण दाबायचं, अक्षर मारायचं, परत बटण दाबून बंद करायचं. ते माझंच. दोन बोटं एकदम मी फक्त शेवटच्या चिन्हाला लावतो, तिथे इलाज नाही." आणि एकदम त्यांचा चेहरा बदलला. त्यांनी मान वळवून बाकाकडे पाहिलं. बटणं लावणाऱ्या शिंपीणताईंकडे पाहिलं.

तो पासवर्ड आता बदलून वर्ष होऊन गेलं, तेव्हा सांगायला हरकत नाही. दर एक तारखेला वस्ताद त्या महिन्यातल्या सगळ्यात अवघड पेशंटचं नाव ठेवायचे आणि पुढे त्याच्या फेऱ्यांचा आकडा. डोक्यात दुसरं काही नसायचंच, तर दुसरं काय ठेवणार? त्या महिन्यात 'शिंपीण' होतं, इंग्रजी सात अक्षरांत. एक मोठं, सहा लहान. ठेका बरोबर जुळत होता. शेवटचं चिन्हही वस्तादांना आठवलं. साहेबांनी वर्गात फळ्यावर उदाहरण म्हणून जे काढलं होतं, तेच. पाचही जणांनी तेच ठेवलं होतं. हे ऐकून साहेबांनी डोळे मिटून घेतले.

राहिला आकडा.

"अकरा," वस्ताद म्हणाले आणि कीबोर्डकडे हात नेला. "अकरा फेऱ्या झाल्या. दुसरा आकडा असणारच नाही."

"थांबा," बाई म्हणाल्या.

"बाई, अकराच."

"मला आकडा सांगू नका हो, मी कानात बोटं घातलीयत असं समजा. मी एवढंच सांगते. आकड्याच्या दोन टिचक्या लागोपाठ पडत नव्हत्या. पहिलीनंतर तुमची खुर्ची करकरायची, मग दुसरी पडायची. रोज. तुम्ही लांब कुठेतरी हात न्यायचात."

वस्तादांचा हात हवेत थांबला. अकरा म्हणजे एकच बटण दोनदा. त्याला खुर्ची करकरायचं कारण नाही. त्यांनी कीबोर्डची वरची ओळ न्याहाळली. एक होता अगदी डाव्या टोकाला. तिथून उजवीकडे शेवटपर्यंत जायचं, तर एका बोटाच्या माणसाला अंग टाकून वाकावं लागतं, आणि तिकडे टोकाला असतो शून्य.

"पण दहा का असेल?" ते स्वतःशीच म्हणाले.

बाईंनी कानात खरोखरच बोटं घातली होती. त्यांनी कोपरानेच आपली जुनी वही वस्तादांकडे सरकवली. बाई सगळं लिहून ठेवायच्या, फक्त पासवर्ड सोडून. त्या वहीत एक तारखेच्या खाली बाईंच्या टपोऱ्या अक्षरात लिहिलं होतं, 'शिंपीणताई, अकरावी फेरी, दुपारी तीन.' आणि पासवर्ड वस्ताद सकाळी नऊला बदलायचे. सकाळी नऊ वाजता फेऱ्या दहाच झाल्या होत्या.

वस्तादांनी हात पँटला पुसले. बटण, अक्षर, बटण. सहा अक्षरं. एक. खुर्ची करकरली. शून्य. आणि शेवटची जाड टिचकी.

पडदा क्षणभर पांढरा झाला. ते गोल चक्र फिरायला लागलं, ज्याला बाई 'रिकामटेकड्याची फेरी' म्हणायच्या. मग शिंपीणताईंच्या पायाचं चित्र पडद्यावर उमटलं, हाडाच्या आडमुठ्या टोकासकट.

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. वस्ताद म्हणाले, "फ्लॉपी द्या." बाईंनी कानांतली बोटं काढून फ्लॉपी दिली. म्हाताऱ्याने ती घशाखाली घातली, खोकला, श्वास घेतला, आणि यंत्राची सुरी प्लास्टरच्या ठोकळ्यावर उतरली. शिंपीणताईंनी पोलक्यावरून मान वर केली. "लागला का माझा नंबर? मला वाटलं, तुमचं साहेबांबरोबर काहीतरी महत्त्वाचं चाललंय."

कोरणं चालू असताना साहेब खुर्ची ओढून बाईंच्या शेजारी बसले. आवाज खाली आणून म्हणाले, "मॅडम, माझाही ऐकू आला का? सकाळी मी लॅपटॉप उघडला तेव्हा?"

"ऐकला नाही," बाई म्हणाल्या. "पण ऐकू आला. तेरा टिचक्या, शेवटच्या चार एकाच जागी. साहेब, एवढं शिकलात, आणि शेवटी एकच आकडा चार वेळा?"

साहेबांनी तिथल्या तिथे पासवर्ड बदलला. बदलताना बाईंना म्हणाले, "जरा गाणं म्हणाल का?" बाईंनी म्हटलं. आवाज बेताचा होता, पण काम झालं.

गुरुवारी संध्याकाळी पाच वाजता वाटी बसली. शिंपीणताई पट्ट्याच्या त्या टोकाला उभ्या राहिल्या. वस्ताद खाली वाकले होते, साहेब जायचे ते मुद्दाम थांबले होते, दादा फडकं हातात धरून भिंतीला टेकले होते. बाई नेहमीप्रमाणे पाठमोऱ्या.

"चला," वस्ताद म्हणाले.

वीस पावलं झाली. शिंपीणताई टेबलाशी येऊन थांबल्या. बाई काही बोलल्या नाहीत.

"काय झालं, बाई?" वस्तादांनी खालूनच विचारलं.

"पुन्हा चालू दे तिला."

शिंपीणताई पुन्हा गेल्या, पुन्हा आल्या. बाईंनी खुर्ची वळवली. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज नेहमीचाच होता. "डावा कुठला ते मला कळत नाही. घेऊन जा पाय घरी."

शुक्रवारी शिंपीणताई सकाळी दहापासून संध्याकाळी पाचपर्यंत उभ्या होत्या. परीक्षक बाईंनी मध्ये दोनदा खुर्ची दिली, तर त्यांनी तिच्यावर कापड ठेवलं. जागा त्यांना मिळाली. पहिल्या महिन्यातच त्या कारखान्यात आल्या आणि म्हाताऱ्याला जाड कापडाचं, अस्तर लावलेलं, कोपरे शिवलेलं आवरण आणलं. माप त्यांनी कधी घेतलं नव्हतं. बाकावर बसून बटणं लावता लावता नजरेने घेतलं होतं. बोटभरही चुकलं नव्हतं. बाईंनी ते चढवलं आणि म्हणाल्या, "बघा, हिला पासवर्ड लागला नाही."

साहेबांच्या तपासणीचा अहवाल आला. म्हातारा भंगारात जाणार अशी सगळ्यांची खात्री होती. त्याच्या नावापुढे साहेबांनी लिहिलं होतं, 'कोरणी यंत्राशिवाय कशालाही जोडलेला नाही. कोणीही आत शिरू शकत नाही. कारखान्यातील सर्वांत सुरक्षित यंत्र. काढू नये.' बाईंच्या नावापुढे काय लिहावं हे त्यांना बहुतेक सुचलं नसावं. ती जागा कोरी होती. पण अर्जाचा नियम मात्र बदलला. आता तो कागदावर मिळतो, भांडारातल्या भाऊंकडे, पेनाने भरायचा.

दादा अजून कीबोर्ड धुतात. पण धुण्याआधी प्रत्येकाच्या पोटावरून हात फिरवून विचारतात, "काही खाजगी आहे का?" आणि आता खरंच काही नसतं. वस्ताद पाठ करतात. महिन्याच्या एक तारखेला दाराबाहेर उभे राहून ओठ हलवत असतात, तोंडी परीक्षेला निघालेल्या पोरासारखे.

आणि बाई रोज नऊला पाच कमी असताना आपला कप उचलतात, खोलीचं दार बाहेरून ओढून घेतात आणि पायऱ्यांवर जाऊन बसतात. शब्द दिलाय ना. आतून टिचक्या थांबल्या की वस्ताद दारावर दोनदा वाजवतात, मग बाई आत येतात. एकदा दादांनी विचारलं, "बाई, रोज उठून बाहेर कशाला? मन दुसरीकडे न्यायचं, म्हणजे ऐकू येत नाही."

बाई चहा संपवून म्हणाल्या, "दादा, तिजोरी आहे. दार उघडं दिसलं, की काहीतरी आत येऊन पडतंच."